4 जीबीचा लॅपटॉप, मे महिना आणि कोड एडिटर

कोड लिहायला कुठला एडिटर टाकावा? व्हीएस कोड टाका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी काही बिघडत नाही. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, आणि अडलात तर तो वापरणारा कुणी ना कुणी शेजारच्याच खुर्चीत सापडतो. पण लॅपटॉप जुना असेल, साइटवर मराठी मजकूर टाकायचा असेल आणि ऐन उन्हाळ्यात लाइट जात असेल, तर पुढचं वाचा. नागपुरात या तिन्ही गोष्टी बहुधा एकत्रच येतात.

माझं काम आधी सांगते. दिवसा इतवारी, महाल, धरमपेठेतल्या दुकानांच्या आणि क्लासेसच्या साइट करते. त्यात वर्डप्रेस, पीएचपी आणि गरजेपुरतं जावास्क्रिप्ट. संध्याकाळी मानेवाड्याला पोरांना एचटीएमएलपासून शिकवते. त्यांचे लॅपटॉप सीताबर्डीवरून घेतलेले सेकंडहँड, रॅम 4 जीबी, बॅटरी नावालाच. मिहानच्या आयटी कंपन्यांत एसीत बसून टाइपस्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा हिशोब निराळा आहे, त्यांनी माझं ऐकू नये.

मायक्रोसॉफ्टनं व्हीएस कोड 2015 च्या एप्रिलमध्ये जाहीर केला. कागदोपत्री त्याला 1 जीबी रॅम पुरते. पुरतेही, पण तेव्हा मशीनवर दुसरं काहीच चालू नसेल तर. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे आतून क्रोमियम ब्राउझरच. शेजारी क्रोम उघडा, खाली झॅम्प (आपल्याच मशीनवर पीएचपी चालवायचं पॅकेज) चालू करा, की त्याच 4 जीबीत दोन ब्राउझर, एक वेब सर्व्हर आणि एक डेटाबेस दाटीवाटीनं बसले. विंडोज 7 अजून सोडलं नसेल तर 1.70 मालिकेच्या पुढचा व्हीएस कोड त्यावर चालतच नाही, हेही लक्षात असू द्या.

तरी खरा भार एडिटरचा नसतो, आपण त्यावर लादलेल्या एक्स्टेन्शन्सचा, म्हणजे वरून टाकलेल्या जोडण्यांचा असतो. परवा क्लासमधला एक जण म्हणे, "मॅडम, हँग होऊन राहिला." उघडून पाहिलं तर कंसांना रंग देणारी तीन वेगवेगळी एक्स्टेन्शन्स, आयकॉनांचे दोन संच, पायथनचं सगळं सामान, आणि पठ्ठ्या अजून सीएसएसच्या फ्लेक्सबॉक्सवर.

"काऊन टाकले एवढे?"

"यूट्यूबवाल्यानं सांगतलं ना, मॅडम. मस्ट हॅव म्हणे."

कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' लिहायला लावलं. कुठलं एक्स्टेन्शन जागं व्हायला किती मिलिसेकंद घेतं, त्याची यादीच समोर येते. मी काहीच बोलले नाही. त्यानंच एकेक काढायला सुरुवात केली. कंसांना रंग द्यायची सोय तर 2021 पासून व्हीएस कोडमध्ये आतच आहे, त्यासाठी वेगळं काही टाकायची गरजच नाही.

माझ्याकडे कोड नीट मांडणारं प्रेटियर, सेव्ह केलं की ब्राउझरमधलं पान ताजं करणारा लाइव्ह सर्व्हर आणि पीएचपी लिहिताना मदत करणारं इंटेलिफेन्स, एवढंच. थोडक्यात लिहिलेल्या खुणांचं पूर्ण एचटीएमएल करून देणारं एमेट आधीपासून आत असतं. 'यूएल', मग मोठ्याचं चिन्ह, 'एलआय', तारका, पाच, आणि टॅब: पाच ओळींची यादी तयार. पोरांना पहिल्या दिवशी हे दाखवलं की निम्मा क्लास तिथेच जिंकला जातो. लाइव्ह सर्व्हरबद्दल एक सूचना मात्र दर बॅचला द्यावी लागते. तो पीएचपी चालवत नाही. ब्राउझरच्या पत्त्यात 5500 दिसतंय आणि पान पीएचपीचं आहे, तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरात ठेवा आणि लोकलहोस्टवरून उघडा.

नवीन फोल्डर उघडला की व्हीएस कोड विचारतो, याच्या लेखकावर विश्वास आहे का. सगळे डोळे झाकून 'हो' दाबतात. नेटवरून उतरवलेला अनोळखी प्रोजेक्ट असेल तर 'नाही' म्हणा, फाइली तरीही वाचता येतात. फक्त त्यात लपवलेलं काही आपोआप चालत नाही.

आता मराठी. एडिटरांची तुलना करणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि माझा तर निम्मा वेळ इथेच जातो. इतवारीतल्या एका मसालेवाल्या काकांची साइट घ्या. सावजी मसाला, वऱ्हाडी ठेचा, दगडफूल, खसखस, सगळी यादी मराठीत हवी. काकांनी मजकूर दिला तो पत्रकं छापणाऱ्याकडून आलेला, श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतला. तो कुठल्याही एडिटरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यात एडिटरचा दोष नाही. जुन्या फॉन्टांत अक्षराचा फक्त चेहरा मराठी असतो, आतला कोड इंग्रजीचाच. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच कोड) करून घ्या आणि मग ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. या अदलाबदलीत कन्व्हर्टर हमखास घसरतात.

नव्या एडिटरमध्ये मी पहिल्यांदा 'वऱ्हाडी' आणि 'स्त्री' हे दोन शब्द टाइप करून बघते. 'वऱ्हाडी'तला चंद्रकोरीसारखा र नीट बसतो का, मात्रा वरच्या ओळीत कापल्या जातात का, ते तिथेच कळतं. कोडसाठीच्या कन्सोलाससारख्या फॉन्टांत देवनागरी नसतेच. एडिटर मराठी अक्षरं दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टातून उसनी आणतो. व्हीएस कोडमध्ये फॉन्ट फॅमिलीच्या खान्यात कन्सोलासच्या पुढे स्वल्पविराम देऊन निर्मला यूआय लिहा, आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. मजकूर एकदम मोकळा दिसतो. मराठीच्या ओळी एकाखाली एक रकान्यात बसत नाहीत, त्याला इलाज नाही. आणि 'स्त्री'वर बॅकस्पेस मारलात तर अख्खं अक्षर जात नाही. आधी वेलांटी जाते, मग र, मग पाय मोडल्याची खूण. नवख्याला वाटतं कीबोर्ड बिघडला. उलट एकच वेलांटी सुधारायची असेल तेव्हा हे फार कामाचं आहे.

व्हीएस कोडची एक सोय मला सगळ्यात जास्त आवडते. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं लपून येतात, शून्य रुंदीच्या जागा वगैरे. तो त्यांच्याभोवती चौकट काढून दाखवतो. काका व्हॉट्सॲपवर भाव पाठवतात, मी चिकटवते, आणि चौकटी दिसल्या की पुसते. हे दिसत नसतं तर साइटच्या सर्चमध्ये 'खसखस' शोधून खसखस का सापडत नाही, याचा छडा लावण्यात अख्खी दुपार गेली असती.

फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या कुठल्या पद्धतीत आहे ते खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तिथे यूटीएफ-8 असलं पाहिजे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं, 'नागपूर' हा शब्द 18 बाइटांचा. चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालं की या 18 बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत मराठी होत नाहीत.

याच घरातला दुसरा त्रास म्हणजे बॉम, फाइलीच्या सुरुवातीला बसणारी न दिसणारी खूण. दुकानात कुणाच्या तरी भाच्याला वाटतं, साइटवरचा फोन नंबर आपणच बदलून टाकू. तो होस्टिंगवरून पीएचपीची फाइल उतरवतो, जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडतो, यूटीएफ-8 म्हणून सेव्ह करतो आणि परत चढवतो. 2019 च्या आधीचं नोटपॅड अशा फाइलीच्या सुरुवातीला 3 बाइटांची एक खूण स्वतःहून ठेवत असे. पीएचपी ती खूण मजकूर समजून आधीच ब्राउझरकडे पाठवून देतं, आणि मग 'हेडर्स ऑलरेडी सेंट'चा इशारा येतो. कोड कितीही वाचा, त्यात काही सापडत नाही, कारण चूक पहिल्या अक्षराच्याही आधी बसलेली असते.

अशा वेळी मी नोटपॅड प्लस प्लस उघडते. त्याच्या एन्कोडिंग मेनूत बॉमसह आणि बॉमशिवाय हे दोन पर्याय वेगळे दिलेले आहेत. साधा प्रकार निवडायचा, सेव्ह करायचं, काम झालं. हा एडिटर 2003 पासून आहे, फक्त विंडोजवर चालतो, आणि कितीही जुन्या मशीनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. त्याचे मेनू मराठीतही करता येतात. मी पोरांना ते करू देत नाही. उद्या अडचण नेटवर शोधाल तर उत्तरं इंग्रजी मेनूंच्या नावानं येतील, मग शोधत बसा. मोठा प्रोजेक्ट, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), फाइलीफाइलींतून उड्या मारणं, यासाठी तो तोकडा पडतो. पण ज्यांच्या मशीनवर व्हीएस कोड रडतो त्यांना पहिले दोन-तीन महिने मी खुशाल यावरच शिकवते. एचटीएमएलला एडिटर कळत नाही.

लाइटचं बघू. नवतप्यात पारा 45 च्या वर, कूलर फुल्ल, आणि दुपारी फेज उडाला की बॅटरी मेलेला लॅपटॉप त्याच क्षणी बंद. नोटपॅड प्लस प्लस दर 7 सेकंदांनी सेव्ह न केलेल्या मजकुराची प्रत ठेवतो, मूळ सेटिंगच तसं आहे. व्हीएस कोडही सेव्ह न केलेल्या फाइली परत उघडून देतो. पण ऑटो सेव्ह सुरुवातीला बंद असतं, ते फाइल मेनूत जाऊन एकदाच चालू करा. टॅबवर पांढरा ठिपका दिसतोय म्हणजे तुमचं काम अजून फाइलीत उतरलेलं नाही. एक अडचण आहे: ऑटो सेव्ह आणि लाइव्ह सर्व्हर दोन्ही चालू ठेवले तर टाइप करता करता पान सारखं ताजं होत राहतं. मला चालतं. कुणाकुणाला त्याचा भारी वैताग येतो.

सब्लाइम टेक्स्ट माझा लाडका आहे, हे लपवत नाही. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, ब्राउझरचं ओझं नाही, हजारो ओळींची एसक्यूएल फाइल उघडतानाही कुरकुरत नाही. होस्टिंग बदलताना अख्खा डेटाबेस एका फाइलीत येतो, त्यात जुन्या डोमेनचं नाव शोधायचं तर मी डोळे मिटून सब्लाइम उघडते. (नुसती शोधाशोध म्हणतेय बरं का. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये नाव थेट बदलून टाकलं तर सीरियलाइज केलेल्या (लांबीच्या आकड्यासकट बांधून ठेवलेल्या) नोंदी मोडतात, ते काम वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड-लाइन साधनाचं.) किंमत 99 डॉलर, म्हणजे आपल्याकडे आठ हजारांच्या वर, आणि त्यात तीन वर्षांचे अपडेट. चाचणीला मुदत नाही, फक्त अधूनमधून 'विकत घ्या' अशी खिडकी येते. क्लासमधल्या पोरांनी ती खिडकी बंद करत शिकावं, हरकत नाही. पण सब्लाइमवर काम करून काकांकडून पैसे घेत असाल तर लायसन्सचे पैसेही द्या.

वेबस्टॉर्म ऑक्टोबर 2024 पासून बिगरव्यावसायिक वापराला मोफत झाला. जावास्क्रिप्ट त्याच्याइतकं कुणाला कळत नाही असं वापरणारे म्हणतात, आणि मला ते पटतं. पण 4 जीबीवर नको, आणि गिऱ्हाइकाच्या कामाला फुकटही नाही. एडिटरांच्या जुन्या याद्यांत ॲटम आणि ब्रॅकेट्स दिसले तर पुढे जा. अडोबीनं ब्रॅकेट्सचा आधार सप्टेंबर 2021 मध्ये काढून घेतला, गिटहबनं ॲटम डिसेंबर 2022 मध्ये बंद केला. व्हीएस कोड ज्या इलेक्ट्रॉनवर चालतो तो मुळात ॲटमसाठीच बनला होता. ॲटम गेला, इलेक्ट्रॉन राहिला. टर्मिनलमध्ये चालणारा विम सर्व्हरवरच्या फाइलीत दोन ओळी बदलण्यापुरता यायला हवा, त्यापुढचा तुमचा शौक.

एआयबद्दल पोरं रोज विचारतात. कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलटचा मोफत प्रकार डिसेंबर 2024 मध्ये आला, कर्सर हा एआय एडिटर तर व्हीएस कोडचाच फाटा असल्यानं हात लगेच बसतो. मी स्वतः फॉर्म तपासायचं जावास्क्रिप्ट एआयकडून लिहून घेते. क्लासमध्ये मात्र बंद. ज्याला एचटीएमएलचा डिव्ह टॅग कुठे संपला ते अजून दिसत नाही, त्याला करड्या अक्षरांत अख्खं पान पुढे आलं की तो टॅब दाबतो आणि शिकायचं राहून जातं. सहा महिने काढा, मग चालू करा.

ज्यांनी ॲटम बनवला त्यांतल्याच काही जणांनी झेड नावाचा एडिटर रस्टमध्ये लिहिलाय. विंडोजवर तो ऑक्टोबर 2025 मध्ये आला. इलेक्ट्रॉन नाही, त्यामुळे मला उत्सुकता आहे. पण तो पडद्यावर अक्षरं उमटवायचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकतो, आणि सीताबर्डीच्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये कार्ड कसलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या बॅचला दोन-तीन मशीनवर टाकून बघणार आहे. तोवर कुणाकडे दोन-अडीच हजार सुटे असतील, तर एडिटर बदलण्याआधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.