शेती संरक्षण बंदूक : परवाना नूतनीकरण आणि पोलीस ठाण्यातली 'जमा' – पाचपैकी साडेतीन

तळकोकणात भातशेती, वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक. परवान्यावर कारण 'शेती संरक्षण'. ठाण्याचं नाव लिहीत नाही. उद्या तिथेच जायचं आहे.

आधी कागदपत्रांचं. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, हा मोठाच दिलासा. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं असा नियम आला, पण आमच्यासारख्यांना त्याचं काय! अर्ज ऑनलाइन, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, चौकशी पोलिसांची.

या चौकशीतच काळ बदललेला दिसतो. आबांच्या वेळी जमादार ओटीवर बसून चहा घेई, 'यंदा डुकरं कशी आहेत' विचारी आणि सही करून जाई. गावात बंदूकवाला असणं पोलिसांना सोयीचंच वाटायचं. आता बीट अंमलदार कपाट उघडायला लावतो. कुलूप कसलं, किल्ली कोणाकडे, दारू-छर्रे कुठे, घरात कोणाला दारूचं व्यसन आहे का, भावकीत जमिनीचा वाद आहे का. आमच्या शेजाऱ्याला राग आला. मला नाही. कोकणात बांधावरून डोकी फुटतात, हे विचारायलाच हवं.

जमा करण्याचं मात्र वेगळं. पूर्वी निवडणूक लागली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात. २००९ साली गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने असं सरसकट करू नका, छाननी समितीने माणूस बघून ठरवावं, असं सांगितलं. तरी पोलिसांची जुनी सवय सुटायला वेळ लागला. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पेटीतली बंदूक कुठे जात नाही, माणूस कुठेही जातो.

२०२४च्या लोकसभेला मला नोटीस आली. निकाल ४ जूनला लागला आणि बंदूक हातात आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. दस्त्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, नाव बरोबर, पावतीही चोख. पण नळीच्या तोंडाशी तांबूस गंज, आणि घोडा ओढला की मध्येच अडकायचा. खोलीत बाकीच्या बंदुकाही भिंतीला टेकवून, नळ्या एकमेकींना लागून. शिलाई मशीनचं तेल आणि जुनं धोतर घेऊन दुपार गेली. दीड गुण इथेच कापला.

त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. म्हणजे भात पिवळं पडून कापणीला आलेलं, डुकरांचा मोसम. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, पण नुसता बार काढला तरी आवाजाने कळप पांगतो. बंदुका जमा करणाऱ्यांची यादी लागायच्या आत सूट मिळावी म्हणून अर्ज दिला, त्यात सात-बारा आणि गेल्या वर्षीचा नुकसानीचा पंचनामा जोडला. हवालदार म्हणाला, "काकांनू, तुमचा नाव यादीत नाय. बंदूक घरातच ठेवा." असं वाक्य त्या ठाण्यात मी पहिल्यांदा ऐकलं.

नवीन अर्जदारांनी पंचनाम्याच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. आणि जमा करायची वेळ आलीच, तर नळीला आतून-बाहेरून तेल देऊन, तोंडाला कापडाचा बोळा घालून द्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि 'सुस्थितीत' हा शेरा लिहून घ्या. कारकून कुरकुरतो, पण लिहितो.