सेहरीचा डबा, फोंडा: रिव्ह्यू, पण दुपारी चार वाजताचा

आधीच सांगतो, सेहरीच्या, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधी पहाटे खायच्या जेवणाच्या, डब्याचा हा रिव्ह्यू मी रमजानात दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा डिलीट मारला. एकदा पोट टम्म भरलेलं होतं आणि एकदा घशाला कोरड पडली होती, आणि या दोन्ही अवस्थांत माणूस जेवणाबद्दल खरं लिहीत नाही. आता २०२५ ची ईद होऊन आठवडा झालाय, डोकं ठिकाणावर आहे, तर घ्या.

मी मूळचा दापोलीकडचा, नोकरी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, राहायला गोव्यातल्या फोंड्यात, कुर्टीला, एका खोलीत मी आणि कणकवलीचा एक मित्र. गेल्या वर्षीपर्यंत रमजानात माझी सेहरी म्हणजे दोन केळी, ब्रेड आणि अलार्म बंद करून पुन्हा झोपलो तर तेही नाही. संध्याकाळची चिंता नसते, इफ्तारला मशिदीत खजूर, कलिंगड, भजी, सगळं असतं, माणसं हाताला धरून बसवतात. खरी बोंब पहाटेची. पहाटे चारला फोंड्यात कुठलं हॉटेल उघडं असणार, आणि आपण एकटे राहणारे, आदल्या रात्री तरावीह (रमजानातली रात्रीची खास नमाज) संपवून घरी येईपर्यंत दहा वाजतात, त्यानंतर भाजी कोण चिरत बसणार?

तर यंदा मशिदीबाहेर एका मुलाने सांगितलं की एक खाला (मावशी) घरून सेहरीचे डबे देते. नाव नाही, बोर्ड नाही, पेज-बिज नाही (म्हणजे इंटरनेटवरचं पेज नाही, खायच्या पेजेबद्दल खाली लिहिलंय आणि तोच या रिव्ह्यूचा मुद्दा आहे). ८० रुपये डबा, महिन्याचे २४०० आगाऊ, स्टीलच्या तीन ताळी डब्याचं २०० डिपॉझिट. खाला आणि तिची सून रात्री दोनला उठून स्वयंपाक करतात, मुलगा साडेतीनला स्कूटरवर पहिली खेप घेऊन निघतो. तुमच्या फाटकावर डबा लटकवला की एक मिस्ड कॉल. उचलायचा नाही. उचललात तर तो चिडतो, त्याला पुढचे वीस-पंचवीस डबे असतात.

मिस्ड कॉलची आयडिया मला फार आवडली कारण तोच अलार्म झाला. मित्राला आवडली नाही. तो रोजा धरत नाही पण उठायचा रोज. तिसऱ्या दिवसापासून म्हणाला, उठलोच आहे तर अर्धी भाकरी दे.

आता टायमिंगबद्दल जरा नीट सांगतो, कारण ज्यांनी कधी रोजा धरला नाही त्यांना वाटतं पहाटे कधीतरी खाल्लं की झालं. तसं नाही. सेहरी संपायची वेळ मिनिटावर असते, पहिला उजेड फुटायच्या आत तोंड बंद. २ मार्चला पहिला रोजा होता तेव्हा आमच्याकडे ती साधारण ५:३५ होती आणि महिना सरेपर्यंत ५:१५ वर आली, म्हणजे रोज थोडी थोडी अलीकडे सरकते. इफ्तार ६:४० च्या पुढेमागे. तेरा सव्वातेरा तास. त्यात माझ्या फोनमधलं ॲप मुंबईवर सेट होतं आणि मला पत्ताच नाही. गोवा मुंबईच्या जरा पूर्वेला येतो, एका रेखांशाला चार मिनिटं धरा, त्यात मार्चच्या सुरुवातीला दक्षिणेला उजाडतंही थोडं लवकर, त्यामुळे मुंबईच्या वेळेवर इथे सेहरी खात बसलात तर शेवटचे दोन घास उशिराचे. हे मला कोणी सांगितलं तर डबेवाल्या पोराने! डब्याच्या झाकणावर त्याने इथल्या मशिदीच्या वेळापत्रकाची चिठ्ठी चिकटवली होती. सर्व्हिस म्हणजे ही.

जेवणाकडे येऊ.

पहिल्या आठवड्यात डबे घेणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी जे मागितलं ते खालाने दिलं. बिर्याणी, खिमा-पोई (पोई म्हणजे गोव्यातला कोंड्याचा पाव), एकदा चिकन आणि पराठे. चव एक नंबर. खिम्यात लवंग-दालचिनी बरोबर, तेल बेताचं, पहाटे चारला असं गरम खायला मिळतंय म्हणून मी पहिल्याच दिवशी घरी फोटो पाठवला, अम्मी म्हणाली आता लग्न नाही केलंस तरी चालेल. पण त्याच दिवशी दुपारी अडीचला कंपनीत पॅकिंग लाइनवर उभा असताना जीभ टाळूला चिकटायला लागली आणि चारला तर मला समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना. तेव्हा डोक्यात आलं की या डब्याला मार्क द्यायचे तर पहाटे चारला नाही, दुपारी चारला द्यायचे. पहाटे काहीही गोडच लागतं.

त्या हिशेबाने मग मी रोज असरच्या, म्हणजे दुपारी चारच्या नमाजेच्या, सुमाराला मोबाइलमध्ये टिपून ठेवायला लागलो. बिर्याणी: तहान, मळमळ. खिमा-पोई: तहान थोडी कमी, पण पोई कडक. पोईबद्दल एक तक्रार आहेच, पोदेर (पाववाला) येतो तो उजाडल्यावर किंवा संध्याकाळी, म्हणजे पहाटे चारला डब्यात येणारी पोई ही कालच्या संध्याकाळची, आणि शिळी पोई म्हणजे कोंड्याची चप्पल. तव्यावर गरम करून दिली तर जरा बरी लागते, सांगितल्यावर खाला तसं करायला लागली. तांदळाची भाकरी, मुगाचं तोंडाक (रस्सा) आणि उकडलेलं अंडं: चांगलं, साडेतीनपर्यंत पोटाने हाक मारली नाही.

आणि सुक्या सुंगटांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, किसमूर. अरे काय सांगू. ओलं खोबरं, कांदा, भाजलेली सुंगटं, वर आमसुलाचा आंबटपणा, मी भाताबरोबर खाल्लं, मग नुसतं खाल्लं, मग डब्याला बोट लावून खाल्लं. रविवार होता. संध्याकाळी घरी बसून वेळ जाईना म्हणून शहापूरच्या साफा मशिदीकडे गेलो, १५६० ची आदिलशाही काळातली मशीद, फोंड्यात राहून ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पाहा, चिऱ्याचं बांधकाम आणि बाजूला भलीमोठी चौकोनी तळी, तळीच्या भिंतीत कमानी कमानी. एरवी त्या तळीकाठी बसलं की किती शांत वाटतं. त्या दिवशी मी तिथे बसून दीड तास फक्त पाण्याकडे बघत होतो. हिरवं, शेवाळलेलं पाणी, आणि मला ते लिंबू सरबत दिसत होतं. माझ्या मोबाइलमधली नोंद: किसमूर, पहाटे पाचपैकी सहा, दुपारी शून्य.

दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला मी मुद्दाम खालाच्या घरी गेलो आणि म्हटलं, खाला, जेवण मस्त आहे पण मीठ आणि मसाला दिवसभर चावतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू आठवडाभर ती कोणीतरी हे बोलायची वाट बघत होती. म्हणाली, सगळ्यांना बिर्याणी पाहिजे, मी काय करू, मी स्वतः तर पेज पिते. मग हसत कोकणीत, "तुका पेज जाय?" म्हणजे, तुला पेज पाहिजे?

आता पेज म्हणजे काय ते गोव्यात आणि कोकणात सांगायला नको. पण आमच्या घरी पेज म्हणजे तापातलं जेवण, आजारी माणसाला द्यायचं. इथे मात्र शेतात राबणारी माणसं अकराच्या सुमाराला पेज पिऊन पुन्हा उन्हात जायची, ही जुनी रीत, आणि ती रीत काही उगाच पडली नसणार. उकडे तांदूळ, शीत अगदी मऊ पण मोडलेलं नाही, भरपूर पाणी, चिमूटभर मीठ. सोबत खालाने कुळथाची घट्ट उसळ दिली आणि लोणच्याऐवजी ओल्या खोबऱ्याची चटणी, कारण लोणचं दिलं तर पुन्हा तेच. एक उकडलेलं अंडं. बस.

पहाटे चारला झाकण उघडलं तेव्हा खरं सांगतो तोंड वाकडं झालं. ८० रुपयात पेज! मित्र तर पांघरुणातूनच हसला. पण दुपारी चारला मी लाइनवर उभा होतो आणि असरची वेळ झाली तरी मला तहानेची आठवण नव्हती. भूक होती, रोजा आहे म्हणजे भूक असणारच, पण ती पोटातच होती, डोक्यात नव्हती. पाणीच खाल्ल्यासारखं आहे ना ते, तांदळातून हळूहळू सुटत राहतं असं काहीतरी असावं, मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण त्यानंतर मी आठवड्यातून पाच दिवस पेज लावली आणि शेवटचे दहा रोजे, जे मला दरवर्षी जड जातात, यंदा तरावीहमध्ये पाय न बदलता उभा राहिलो.

होळी १४ मार्चला होती, माझा तेरावा रोजा, वर शुक्रवार. त्या दिवसांत शिगम्याच्या (गोव्यातला होळीच्या वेळचा सण) चित्ररथांची मिरवणूक फोंड्यात होती तेव्हा रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळ, रात्री इतका उशिरापर्यंत चालला की ढोल थांबून झोप लागते न लागते तोच मिस्ड कॉल. त्या पहाटे पोरगा गुलाल लागलेल्या शर्टात डबे वाटत होता. वेळेवर. म्हणजे शिगम्यातही वेळेवर.

मग वेळ कधी चुकली? नवव्या रोज्याला. चार वाजले, सव्वाचार, पावणेपाच, मिस्ड कॉल नाही. फोन लावला तर उचलत नाही (मीच शिकलो होतो ना, उचलायचा नाही). पाचला तीन खजूर आणि दूध पिऊन बसलो. ५:२१ ला फाटक वाजलं. खडपाबांधला टायर पंक्चर, पंक्चरवाला त्या वेळी कुठे मिळणार, पोरगा स्कूटर ढकलत ढकलत घरोघर डबे देत आला होता, घामाने निथळत, त्याची स्वतःची सेहरी व्हायची होती. मी त्याला आत ओढला, आम्ही दोघांनी एका डब्यात नऊ मिनिटांत भात आणि आमटी संपवली, बोलणं नाही, फक्त घड्याळाकडे बघत, आणि मग दिवसभर मला जळजळ. पुढच्या डब्याबरोबर खालाने ८० रुपये परत पाठवले, मी न मागता. तरी पण माझं म्हणणं, इतक्या डब्यांना एकच गाडी आणि दुसरी काही सोय नाही हे बरोबर नाही, सेहरी ही दहा मिनिटांनी उशिरा खायची गोष्ट नाही, गेली की गेली. एक मार्क इथे कापला.

अजून तक्रारी. चहा देत नाहीत. वरचे दहा रुपये देतो म्हटलं, थर्मासमध्ये दे म्हटलं, नाही. खालाचं म्हणणं चहाने तहान लागते, असेल, पण चहा नाही मिळाला तर माझं अकरालाच डोकं उठतं त्याचं काय. मी आपला स्टोव्हवर करून घ्यायचो. दुसरं, शाकाहारी पर्याय असा वेगळा नाही, अंडं नको म्हटलं तर नुसतं काढून टाकतात, बदल्यात काही देत नाहीत. आणि क्वांटिटी एका माणसाला भरपूर आहे पण रूममेट जागा असेल तर पुरत नाही.

पैशांचा हिशेब चोख. मी तीस डब्यांचे दिले होते, चांद २९ च्या संध्याकाळी दिसला, ३१ मार्चला ईद, म्हणजे एक डबा उरला. चांदरातीला दहाच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर ८० रुपये जमा. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, खाला राहू दे, शीरखुर्म्यात धर. तिने लिहिलं, शीरखुर्मा वेगळा, तो विकत नसतो.

नंबर इथे टाकत नाही, तिने मना केलंय, म्हणते चाळीसच्या वर डबे झाले तर पेज पातळ करावी लागेल. कुर्टीच्या बाजूला मशिदीबाहेर विचारा, कोणीही सांगेल. पुढचा, २०२६ चा रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे येणार, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पहाटे गारवा असेल आणि गरम पेज अजूनच बरी लागेल. जानेवारीतच सांगून ठेवा. पहिल्यापासूनच पेज मागा, माझ्यासारखा आठवडा बिर्याणीत घालवू नका.

एकूण पाचपैकी चार.

हां, डब्यांचं राहिलं. पेजेच्या ताळीचं रबर ढिलं आहे, पहिल्या वेळी अर्धी पेज पिशवीत सांडली आणि पिशवीतून माझ्या पायावर. मी फोंड्याच्या बाजारातून दहा रुपयांची लाल रिंग आणून बसवली, अगदी फिट्ट. पण डबे फिरते असतात हे लक्षातच नाही आलं, दुसऱ्या दिवशी मला पुन्हा ढिल्या रबराचा डबा. महिनाभर मी रोज झाकण उघडताना बघत होतो, लाल रिंग काही परत आली नाही. कोणाच्या डब्यात असेल तर राहू दे, फक्त धुताना काढून धुवा, आत शीत अडकतं.