निवड झाली, रेकॉर्डिंगही आलं. पण वाजवलं कोणी?

स्ट्रिंग क्वार्टेटसाठी पहिल्यांदा लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतात ती माणसं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं), एक चेलो, एवढाच संच; पण पुण्यात किंवा नाशकात व्हिओला वाजवणारा शोधायला निघालात की दमछाक होते. मुंबईत २००६ पासून एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, गोव्यात व्हायोलिनची जुनी परंपरा आहे. तरीही नवख्याच्या, कुणी न ऐकलेल्या रचनेसाठी तीन तालमी द्यायला तयार असलेले चौघं एका खोलीत जमणं अवघडच. स्कोअर, म्हणजे रचनेचं पूर्ण स्वरलेखन, संगणकात पडून राहतो आणि संगीतकार तो संगणकाच्याच प्लेबॅकवर ऐकत बसतो. परदेशातल्या नवख्यांचंही फार वेगळं नाही. युरोप-अमेरिकेत वाजवणारे आहेत, पण मागे लागलेले संगीतकार त्याहून जास्त.

संगीतरचनेच्या स्पर्धांच्या नावाखाली फसवणाऱ्या ठगांनी नेमकी हीच नस पकडली आहे. ‘चार माणसांनी तुमची रचना वाजवली’ हे वाक्य ते विकतात.

चाल साधारण अशी असते. ‘कॉल फॉर स्कोअर्स’ म्हणून जाहिरात येते: पाच ते दहा मिनिटांची क्वार्टेट रचना, वयाची अट नाही, शैलीची अट नाही, प्रवेश शुल्क समजा ४५ युरो. रुपयांत चार-पाच हजार. तीन आठवड्यांनी मेल: ‘अभिनंदन, शेकडो रचनांमधून आपली निवड झाली आहे. आमचं क्वार्टेट आपली रचना रेकॉर्ड करणार आहे. रेकॉर्डिंग खर्चातला आपला वाटा फक्त ३८० युरो. ७२ तासांत न भरल्यास जागा पुढच्या संगीतकाराला जाईल.’ मग छापील प्रमाणपत्राचे आणखी ६०. शेवटी एक ध्वनिफीत येते, ‘प्रकाशन करारा’ची पीडीएफ येते, आणि पुढच्या वर्षी सवलतीत भाग घेण्याचं आमंत्रण. आकडे बदलतात, शहर कधी व्हिएन्ना तर कधी न्यूयॉर्क असतं, क्रम मात्र हाच.

प्रवेश शुल्क घेतलं म्हणजे फसवणूक, असं समजू नका. परीक्षकांना मानधन द्यावं लागतं, आणि कित्येक चांगल्या स्पर्धाही शुल्क घेतात. गडबड पुढे आहे: निवड झाल्यावर पैसे मागणं. बक्षीस जिंकणाऱ्यानं बक्षिसाचा खर्च द्यायचा असेल तर ते दुकान झालं. दुकान असायलाही हरकत नाही, पण मग पाटी दुकानाची लावावी.

आता त्या ध्वनिफितीकडे येऊ, कारण पैसे जातात ते तिच्यात. ती बहुतेक वेळा सॅम्पल लायब्ररीतून काढलेली असते. एकेका वाद्याचे हजारो सूर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले असतात. तुमची फाइल त्यात ओतली की अर्ध्या दिवसात ‘क्वार्टेट’ तयार. वर थोडा सभागृहाचा घुमारा टाकला की नवख्या कानाला पटतं. असं मॉक-अप उघडपणे विकणारे लोक आहेत आणि ते प्रामाणिक धंदा करतात. काही ठिकाणी एकच वादक चारही भाग एकावर एक वाजवून देतो, तेही सांगून केलं तर चालतं. चौघांच्या नावाखाली हे खपवणं ही मात्र फसवणूक.

ती पकडण्याची पहिली खूण ध्वनिफीत येण्याच्या कितीतरी आधी मिळते. खरं क्वार्टेट तुमच्याकडे काय मागतं? पार्ट्सची पीडीएफ. चौघांचे चार वेगळे पार्ट, पान उलटायच्या जागी दोन-तीन मापं (ठोक्यांचे ठरलेले गट) विश्रांती असलेले, ठरावीक मापांना तालमीची अक्षरं (‘इथून घ्या’ म्हणायच्या खुणा) घातलेले. ठग काय मागतो? सिबेलियस, डोरिको किंवा म्यूजस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, नाहीतर अशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी म्यूझिकएक्सएमएल. कारण विचारलं तर ‘पार्ट्स आम्हीच काढतो, तुम्हाला त्रास नको’. मॉक-अपला लागतं तेवढंच त्यानं मागितलेलं असतं. मूळ फाइल कधीच देऊ नका. तिच्यातून तुमचं संगीत दुसऱ्याच्या नावावर जायलाही दहा मिनिटं पुरतात.

दुसरी खूण म्हणजे प्रश्न. नवी रचना हातात घेतलेले वादक पहिल्या तालमीनंतर गप्प बसत नाहीत. माप ४१ मध्ये दुसऱ्या व्हायोलिनला सगळ्यात खालचा जी आणि त्याच्यावरचा बी एकाच वेळी दिलाय. हे दोन्ही सूर फक्त जी तारेवरच मिळतात, मग एकत्र वाजवायचे कसे, एक गाळू का? माप ६३ मध्ये चेलोला पिझिकाटोवरून (बोटानं तार छेडणं) लगेच बो (गज) लावायचाय, मधे अर्धा ठोकाही नाही. म्यूट (आवाज मंद करणारी चिमटी) काढायला निदान दोन-तीन सेकंद लागतील, कुठे काढू? हार्मोनिक (तारेला बोट हलकेच टेकवून निघणारा सूर) लिहिलाय तो ऐकू येणारा सूर की बोटाची जागा? असे दहा-पंधरा प्रश्न आले की समजा, कुणीतरी वाद्य खांद्याला लावलंय. नवख्याच्या स्कोअरमध्ये अशा चुका असतातच, तो काही गुन्हा नाही. पण ४१वं माप जसंच्या तसं, दोन्ही सूर स्वच्छ ऐकू येत परत आलं आणि मधल्या काळात एकही मेल नाही, तर ते चौघांनी एकत्र बसून वाजवलेलं नाही. एका व्हायोलिनवर ते एका वेळी वाजवताच येत नाही.

तिसरी तपासणी हेडफोन लावून करायची. समजा तुमची रचना चार ठोक्यांच्या मापात, लय मिनिटाला ७२ ठोके, सुरुवातीची ६० मापं लय न बदलता. गणितानं ती बरोबर २०० सेकंदांत संपतात. फीत कुठल्याही ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये टाका, ७२ चा क्लिक, म्हणजे ठोके मोजणारी टिकटिक, लावा. जिवंत क्वार्टेट कुठे श्वास घेतं, कुठे पुढे झुकतं. एकसष्टावं माप २०० सेकंदांच्या अलीकडे नाहीतर पलीकडे येतं. ते थेट क्लिकवर पडलं तर शंका घ्या. खऱ्या वादकांनी कानात क्लिक घेतला तर असं होऊ शकतं, पण संथ, भावपूर्ण भागाला कुणी तसं करत नाही. मग शांत जागा ऐका. दोन भागांमधली शांतता पूर्ण काळी असेल, खुर्चीची करकर नाही, पान उलटल्याचा आवाज नाही, पहिल्या व्हायोलिननं इशाऱ्यासाठी घेतलेला श्वास नाही, तर खोलीच नव्हती. तोच सूर आठ वेळा आला असेल तर आठही वेळा बो अगदी सारखा लागतो का, तेही बघा. ‘हळूहळू ब्रिजकडे (तारा टेकतात त्या घोडीकडे) सरका’ असं लिहिलेल्या जागी मॉक-अपमध्ये रंग खाडकन बदलतो, नाहीतर बदलतच नाही.

आपल्याकडच्या संगीतकारांना एक जास्तीची कसोटी आयती मिळते. दरबारीचा कोमल गंधार कुणी व्हिओलाला दिला असेल, सा म्हणजे सी धरून, ई फ्लॅटवर नागमोडी रेघ आणि ‘आंदोलन, रिषभाकडे झुकत’ अशी सूचना, तर खऱ्या वादकाला ते एकदा गाऊन दाखवावं लागतं. तो विचारतोच: किती खाली जायचं, किती सावकाश? जमतं तेव्हाही थोडं वेडंवाकडं जमतं. प्लेबॅकला तुमची सूचना वाचता येत नाही. तिथे सरळ ई फ्लॅट येतो आणि त्यावर ठरावीक साच्याचं थरथरणं. मिंडीचंही तेच: सॉफ्टवेअर दोन सुरांमधलं अंतर एकाच ठरलेल्या वेगात पार करतं.

‘फक्त ३८० युरो’ या आकड्याकडेही जरा थंड डोक्यानं बघा. आठ मिनिटांच्या नव्या रचनेला तीन-तीन तासांच्या दोन तालमी आणि तीन तासांचं एक रेकॉर्डिंग सत्र, हे काटकसरीचं वेळापत्रक झालं. माणशी नऊ तास, चौघांचे ३६. स्टुडिओ, ध्वनिमुद्रक, संपादन बाजूला ठेवून ३८० ला ३६ नं भागलं तर तासाला साडेदहा युरो पडतात. युरोपातला व्यावसायिक चेलोवादक त्यात येत नाही. स्वस्त वाटणारा भाव इथे पुरावा म्हणून वाचायचा.

सभागृहाच्या नावाला भुलणारे वेगळे. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तीन सभागृहं आहेत. त्यातलं २६८ खुर्च्यांचं वाइल रिसायटल हॉल भाड्यानं मिळतं, आणि ‘कार्नेगीत पदार्पण’ बऱ्याचदा तिथेच घडतं, अर्ध्याअधिक खुर्च्यांवर इतर विजेत्यांचे नातेवाईक. यात बेकायदेशीर काही नाही. पण त्यासाठी दीड-दोन लाख आणि विमानाचं तिकीट खर्च करण्याआधी सभागृहाच्या स्वतःच्या वेळापत्रकात तो कार्यक्रम आहे का, आणि आयोजक म्हणून कुणाचं नाव आहे, एवढं तरी बघावं.

पैसे भरण्याआधी चौकशी करायला एक संध्याकाळ पुरते. क्वार्टेटच्या चौघांची नावं मागा. नावं न देता ‘आमचे नामवंत कलाकार’ म्हटलं तर तिथेच थांबा. नावं मिळाली तर स्पर्धेच्या पानावरचा पत्ता न वापरता, क्वार्टेटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विचारा. कित्येकदा त्यांना आपला फोटो तिथे लावलाय याची खबरही नसते. परीक्षकांचंही तेच. मागच्या वर्षीच्या दोन विजेत्यांना शोधून लिहा, आणि एकच विचारा: वादकांपैकी कुणाशी तुमचं बोलणं झालं होतं का? तालमीच्या वेळी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर येऊ द्याल का, आणि शेवटी एक न कापलेला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) द्याल का, या दोन मागण्या लेखी करा. खऱ्या माणसांना त्यात वावगं वाटत नाही. उलट बहुतेक क्वार्टेट्सना संगीतकार तालमीला हवाच असतो.

करारात ‘सर्व हक्क, जगभर, कायमचे’ हे शब्द दिसले की सही करू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ठगाच्या कागदावर मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहिलेले असतात, आणि खाली बारीक अक्षरात न्यायक्षेत्र परदेशातलं. मेलवर ‘हो, चालेल’ असंही लिहू नका.

निव्वळ शिकायचं असेल तर ३८० युरो लागतच नाहीत. क्रोनोस क्वार्टेट, ज्यांनी २००५ मध्ये आशा भोसल्यांबरोबर आर. डी. बर्मन यांची गाणी केली, त्यांनी ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ या उपक्रमात पन्नास नव्या रचना लिहून घेतल्या आणि स्कोअर-पार्ट्स फुकट उतरवून घ्यायला ठेवले. पार्ट कसा मांडायचा, पान कुठे उलटायचं, म्यूटला किती वेळ द्यायचा, हे त्यात डोळ्यांसमोर दिसतं.

पैसे गेलेच असतील तर मेल, पावत्या, ध्वनिफीत आणि स्कोअर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी बँकेला कळवा. क्रेडिट कार्डानं भरले असतील तर ‘सांगितलेली सेवा मिळाली नाही’ म्हणून व्यवहाराला हरकत घेता येते. ४१व्या मापाचा मुद्दा तिथे साध्या शब्दांत लिहा, बँकेतल्या माणसालाही तो कळतो. थेट परदेशी खात्यात पाठवले असतील तर बँक परतीची विनंती करू शकते, पण समोरच्यानं रक्कम काढली असेल तर हात वर. १९३० या क्रमांकावर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, जितकी लवकर तितकी बरी.

त्यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक मेल येण्याची शक्यता धरून चाला: ‘आम्ही फसलेल्या कलाकारांचे पैसे परत मिळवून देतो, आधी फक्त प्रक्रिया शुल्क भरा.’ तुमचा पत्ता त्यांना कुठून मिळाला, हे त्यांना विचारत बसू नका. एकदा पैसे भरलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.