इन्सुलिन थंड ठेवणारी पाण्याची पिशवी: रत्नागिरीत हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

ज्या घरी फ्रिज नाही तिथे इन्सुलिन ठेवायला ही दुहेरी कापडाची पिशवी मिळते. कापडाच्या दोन थरांमध्ये जेलचे दाणे असतात. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवली की दाणे फुगतात. पुढे तासन् तास कापडातून पाणी उडत राहतं आणि आतली बाटली थंड राहते. वीज नको, बर्फ नको. नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या गृहभेटीच्या बॅगेत आणि काही पेशंटच्या घरी ती हिवाळ्यापासून वापरात आहे. आमचं मत आधीच सांगतो: डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मे महिन्यात जेमतेम, आगोटीनंतर जवळपास निरुपयोगी.

दोष पिशवीचा नाही, हवेचा आहे. हवा कोरडी असेल तरच पाणी झपाट्याने उडतं. घाटावर 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असताना ओलं कापड 22-23 अंशांपर्यंत उतरू शकतं. किनाऱ्यावर 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर तेच कापड 29 च्या खाली जाऊच शकत नाही, मग दिवसातून कितीही वेळा भिजवा. माठात बाटली ठेवण्याचा सल्लाही इथे याच कारणाने तोकडा पडतो. पिशवीत छोटा थर्मामीटर ठेवल्याशिवाय हे कळत नाही, कारण ओलं कापड हाताला गारच लागतं.

आता मुद्दा औषधाचा. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. वापरात असलेली साधारण 4 आठवडे बाहेर चालते, पण 25 ते 30 अंशांच्या आत. नेमकी मर्यादा बाटलीसोबतच्या पत्रकात पाहायची. म्हणजे ही पिशवी फक्त चालू बाटलीसाठी. साठा शेजारच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला टेकून कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि ताकद हळूहळू उतरते. मुळातच गढूळ, दुधाळ दिसणाऱ्या प्रकारच्या इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या, काचेला पांढरा थर धरला किंवा साधं, पारदर्शक इन्सुलिन धूसर झालं तर बाटली बाद करणं सोपं. पण बऱ्याचदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त साखर चढत जाते. मग डोस वाढवला जातो आणि खरा धोका त्यानंतर येतो: पत्र्याच्या घरात तापलेली बाटली संपते, पूर्ण ताकदीची नवी उघडते, डोस मात्र वाढवलेलाच राहतो आणि साखर एकदम खाली येते. म्हणून साखर विनाकारण चढलेली दिसली की विद्यार्थिनींनी आधी विचारावं, बाटली कुठे ठेवता आणि कधी उघडली? नव्या बाटलीचे पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी आणि डोसबद्दल डॉक्टरांना विचारावं. थरथर, घाम, 70 च्या खाली साखर आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायची. पेज त्यानंतर, तिच्यातली साखर रक्तात यायला वेळ लागतो. गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही न देता थेट दवाखाना.

पिशवी वापरताना पाणी गोडं हवं. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात आणि क्षार असलेल्या पाण्यात जेल नीट फुगत नाही. फार वेळ भिजवली तर उलटं होतं: दाणे इतके फुगतात की बाटली आत जात नाही. भिजवल्यावर वरचं पाणी पुसून पडवीत, सावलीत, वारा लागेल अशी टांगायची. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवली की काम थांबलंच. पावसाळ्यात ती वाळत नाही, कापडाला बुरशीचे काळे ठिपके येतात. आम्ही जूनमध्येच ती पूर्ण वाळवून ठेवून देतो.

एक त्रास मात्र गंभीर आहे. आतला कप्पा दमट राहतो, बाटलीचं लेबल सुटतं आणि शाईने लिहिलेली उघडल्याची तारीख जाते. लेबल गेलं की एका मि.लि. मध्ये किती युनिट, म्हणजे औषधाची ताकद किती, हेही कळत नाही. आपल्याकडे बाटली बहुधा 40 युनिट प्रति मि.लि. ची असते, पेनचं कार्ट्रिज 100 ची. कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं तर ते अर्धा मि.लि. म्हणजे 50 युनिट होतं, अडीचपट डोस! उलट, 40 च्या बाटलीसाठी नारिंगी टोपीची 100 ची सिरिंज घेतली तर 20 च्या खुणेला जेमतेम 8 युनिट जातात. म्हणून बाटली छोट्या झिपच्या पिशवीत घालून मगच कप्प्यात ठेवतो. ताकद आणि तारीख पक्क्या मार्करने चिकटपट्टीवर लिहून वर पारदर्शक टेप लावतो. रबरी बूच दर वेळी स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा कित्येक गावं दिवसेंदिवस विजेविना होती. तशा दिवसांत, म्हणजे ऐन दमट हवेत, या पिशवीवर विसंबू नये. त्यापेक्षा थर्मोकोलचा डबा, तळाशी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर टॉवेलची जाड घडी आणि त्यावर इन्सुलिन. घाटावर प्रवास असेल किंवा थंडीत गृहभेटी असतील तर पिशवी जरूर घ्या. बारमाही किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी थर्मामीटर घ्यावा.