जुन्या ट्रॅक्टरचा जाड पत्रा आणि डेंट ओढायचं स्पॉट मशीन: एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. सिंगल फेजचं स्पॉट पुलर मशीन (गॅरेजमध्ये कुणी ‘वॉशर मशीन’ म्हणतं, कुणी नुसतं ‘पुलर’; ते विजेच्या तापाने पत्र्यावर वॉशर चिकटवतं आणि तो धरून पोचा बाहेर ओढतात) जुन्या ट्रॅक्टरच्या कामाला उपयोगी आहे, पण साधारण एक तृतीयांश कामालाच. बाकीचं हातोडा, डॉली (पत्र्यामागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) आणि गॅसवर होतं. मागून हात किंवा डॉली जात असेल तिथे मशीन लावूच नये. मागून बंद असलेला भाग, दुहेरी पत्रा, बोनेटच्या आतल्या पट्टीमागचा खड्डा, अशा ठिकाणीच ते पैसे वसूल करतं.

मशीन आमच्या रबाळेच्या (नवी मुंबई) गाळ्यात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण पंधरा ते तीस हजारांच्या दरम्यानची बहुतेक मशीनं आतून सारखीच असतात: ट्रान्सफॉर्मर, टायमर, गन, अर्थिंगचा क्लॅम्प, स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन मागे आपटून ओढायचं हत्यार). त्यावर गेलेलं काम म्हणजे मॅसी ३५, इंटरनॅशनल बी-२७५, एचएमटीचा झेटोर २५११ आणि जुने एस्कॉर्ट. यातले बरेच मुरबाड, शहापूर, पडघा पट्ट्यात भाताच्या चिखलणीत राबलेले. त्यामुळे वरून पोचे आणि खालून गंज, असा दुहेरी मामला.

मूळ अडचण पत्र्याच्या जाडीची

कारचा बाहेरचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो आणि ही मशीनं त्याच हिशेबाने बनतात. जुन्या ट्रॅक्टरचं बोनेट सहसा १८ किंवा १६ गेजचं, म्हणजे १.२ ते १.६ मिलिमीटर. मडगार्ड काही वेळा १४ गेजपर्यंत, म्हणजे २ मिलिमीटर. काम हातात घेताना रंग काढलेल्या कडेवर व्हर्निअर लावून जाडी मोजायची. अंदाजाने चालत नाही, कारण मधल्या काळात कुणी पत्रा बदललेला असतो आणि एकाच बोनेटवर दोन जाड्या निघतात.

जाड पत्रा उष्णता चटकन ओढून घेतो. कारच्या सेटिंगवर वॉशर चिकटल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच ठोक्याला उपटून हातात येतो. १.६ मिलिमीटरला टायमरचा नॉब कारच्या जवळजवळ दुप्पट ठेवावा लागला. २ मिलिमीटरवर मशीन पूर्ण चढवूनही पकड भरवशाची नाही. तिथे आम्ही नाद सोडून सरळ सीओटूने (सीओटू वायूच्या वेल्डिंगने) टाका मारून खिळा लावतो आणि तो ओढतो.

टाका नीट बसला की नाही ते काढताना कळतं. पक्कडीने वॉशर पिळल्यावर पत्र्यावर लहानसा धातूचा कण उरला तर टाका पक्का. नुसतं काळं कडं उरलं आणि वॉशर स्वच्छ निघाला तर ताप कमी पडला. मागच्या बाजूला निळी-पांढरी टिकली उमटली आणि पुढे खळगी पडली तर जास्त झाला. गंजाने पातळ झालेल्या पत्र्याला या तिसऱ्या प्रकारात थेट भोक पडतं. म्हणून मशीन लावण्याआधी मागून टोकदार हातोडीने हलके टोचून बघावं. टोक आत रुतलं तर तो भाग ओढायचा नाही, कापायचा.

वॉशर साधे, बिनमुलाम्याचे किंवा तांबं चढवलेले घ्यावेत. हार्डवेअरच्या दुकानातले चकचकीत जस्ताचे वॉशर धूर करतात आणि धड चिकटत नाहीत. तीन टोकांचा तारा असलेली गन पटकन लागते-सुटते, पण ती कारच्या बारीक पोच्यांसाठी. जाड पत्र्याला वॉशरच.

वीज आणि अर्थिंग

घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटवर हे मशीन चालतं असं दुकानात सांगतात. चालतं, पण जोराच्या सेटिंगवर एमसीबी पडतो. सी प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी आणि त्याला साजेशी वेगळी लाइन ओढली की कटकट संपते. नुसता एमसीबी मोठा करून जुनीच वायर ठेवणं म्हणजे आगीला आवतण. एक्स्टेंशन वापरायचं तर ४ चौरस मिलिमीटर तांब्याचं आणि लांबीने कमीत कमी. गुंडाळी केलेलं लांबलचक एक्स्टेंशन लावलं की मशीन तेच, सेटिंग तेच, पण टाका बसत नाही. दुपारी शेजारच्या गाळ्यांत मोठी यंत्रं सुरू झाली की व्होल्टेज उतरतं, तेव्हाही हेच होतं. सकाळी जुळवलेला टायमर दुपारी टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर पुन्हा तपासावा.

अर्थिंगचा क्लॅम्प खड्ड्यापासून वीतभर अंतरावर आणि उघड्या धातूवर हवा. मशीनसोबत आलेला क्लॅम्प ही त्यातली सगळ्यात रद्दी गोष्ट: स्प्रिंग ढिली, जबडा पातळ. तो फेकून तांब्याची पट्टी आणि सी-क्लॅम्प लावला, तेव्हा कुठे टाके एकसारखे बसायला लागले.

पत्रा ट्रॅक्टरवरून उतरवूनच काम करावं. ते शक्य नसेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात आणि डिझेलची टाकी काढून लांब ठेवावी. टाकीच्या पत्र्यावर हे मशीन कधीच लावू नये, टाकी रिकामी दिसत असली तरीही. रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक.

ओढायचं कसं

पोचा खोल दिसतो तिथून सुरुवात करायचा मोह होतो, आणि काम तिथेच बिघडतं. मार बसताना जे शेवटी मोडलं ते आधी सरळ व्हायला हवं. म्हणजे बाहेरच्या कड्यापासून आत यायचं. खड्ड्याभोवती जो उंचवटा उठलेला असतो, त्यानेच खड्डा आत धरून ठेवलेला असतो. तो न बसवता मध्यभाग ओढला तर मधे नवं टेंगूळ येतं आणि भोवती खंदक राहतो.

घडी पडलेल्या पोच्याचं दुखणं वेगळं. घडीच्या रेषेवर पत्रा मुडपताना कडक झालेला असतो, शेजारचा मऊ राहतो. नुसता स्लाइड हॅमर मारला की मऊ भाग वर येतो आणि घडी जागच्या जागी. यावर चालणारी रीत अशी: घडीच्या रेषेवर १० ते १५ मिलिमीटर अंतराने वॉशर उभे लावायचे, सगळ्यांच्या भोकांतून एक सळी ओवायची आणि सळीला साखळी बांधून पुल-बारने किंवा तरफेने सावकाश ताण द्यायचा. झटका द्यायचा नाही. ताण तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर हलक्या हातोडीने ठोकत जायचं. ठोक्यागणिक घडी थोडी थोडी उघडताना दिसते. ताण सोडला की पत्रा जरा मागे जातो, म्हणून किंचित जास्त ओढून धरावं लागतं. फारच कडक घडी असेल तर ताणाखाली असतानाच तिच्यावर गॅसची ज्योत फिरवून मंद लाल करावी, मग ती ऐकते. हे काम एकट्याने होत नाही, दोन माणसं हवीतच.

मडगार्डच्या कडेला वळलेली पट्टी असते. पोचा तिथपर्यंत गेला असेल तर आधी ती कड सरळ करावी. कड वाकडी ठेवून मधला पत्रा कितीही काढा, रात्रभरात परत बसलेला दिसतो.

हातोडा आणि डॉली

मॅसी ३५ चे शिंपल्यासारखे गोलसर मडगार्ड मागून पूर्ण उघडे असतात. तिथे मशीन म्हणजे उगाच छळ. कारच्या सेटमधला तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा हातोडा १६ गेजवर नुसता टणटण वाजतो. अर्धा किलोच्या आसपासचा, रुंद आणि किंचित फुगीर तोंडाचा हातोडा आणि सव्वा ते दीड किलोची डॉली लागते. डॉलीचा बाक पत्र्याच्या बाकापेक्षा थोडा जास्त असावा. सपाट डॉली गोल पत्र्याला लावली की तिच्या कडांचे ओरखडे उमटतात.

डॉली जिथे टेकवली त्याच जागी हातोडा मारला तर पत्रा दोन लोखंडांत चेपून पसरतो. डॉली खड्ड्याखाली दाबून धरली आणि हातोडा शेजारच्या उंचवट्यावर मारला तर उंचवटा बसतो आणि खड्डा उठतो, पत्रा पसरत नाही. नव्वद टक्के काम या दुसऱ्या पद्धतीने व्हायला हवं. बाजारातले बरेच डेंटर घाईत पहिलीच पद्धत वापरतात आणि मग सगळा पत्रा डब्यासारखा टकटक करतो: इकडून दाबला की तिकडून फुगतो.

असा ताणलेला पत्रा आखडून घ्यायला मशीनसोबत कार्बनचा रॉड मिळतो. कारच्या पत्र्यावर तो चांगला चालतो, १.६ मिलिमीटरवर नाही. तिथे ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनची लहान नोझल आणि संतुलित ज्योत. फुगवट्याच्या माथ्यावर १० ते १२ मिलिमीटरची टिकली मंद लाल करायची, मागे डॉली हलकी टेकवून टिकलीभोवती दोन-तीन आणि मग टिकलीवर एक-दोन ठोके द्यायचे, लाली गेली की ओलं फडकं. पुढची टिकली पहिली पूर्ण थंड झाल्यावर आणि दोन-तीन बोटं अंतरावर. दोन गरम टिकल्या शेजारी-शेजारी केल्या की पत्रा पिळतो आणि तो पीळ काढणं मूळ पोच्यापेक्षा अवघड. हा जुना पत्रा कमी कार्बनचा असतो, पाण्याने कडक होऊन तडकण्याची भीती नाही. बी-२७५ सारख्या सपाट बाजूंवर हे फार जपून करावं. सपाट पत्र्यासारखा वैरी नाही. गोलाईत चूक खपते, सपाटीवर एक मिलिमीटरही उन्हात चमकतं.

पावसाळ्यात काय बिघडतं

खाडीकाठची हवा आणि जुलै, यात घासून उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस होतो. म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच उघडायचा. आमचा क्रम असा ठरला: पत्रा काढून झाला की ८० नंबरच्या पेपरने घासायचा, थिनरने पुसायचा, त्याच दिवशी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारायचा. दुसऱ्या दिवशी तो घासून त्यावर पुट्टी. अ‍ॅसिडवाल्या एचिंग (पत्र्याला किंचित खाऊन धरणाऱ्या) प्रायमरवर किंवा गंज काळा करणाऱ्या फॉस्फोरिक द्रवावर थेट पॉलिएस्टर पुट्टी लावू नये, ती धरत नाही.

पुट्टी सच्छिद्र असते, हवेतलं पाणी पिते. उघडी पुट्टी रात्रभर ठेवली, किंवा पाणी लावून घासली, की वरून सगळं गुळगुळीत आणि सहा महिन्यांत रंगाला फोड. सुकीच घासावी. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. उन्हाळ्यात ती पाट्यावरच आवळायला लागते, तेव्हा हार्डनर कमी करण्यापेक्षा एका वेळी थोडीच पुट्टी कालवावी. घासून उरलेला थर ३ मिलिमीटरच्या वर नको. ट्रॅक्टरचं बोनेट कारसारखं स्थिर नसतं, इंजिनची थरथर थेट पत्र्यात उतरते आणि जाड पुट्टीची खपली निघते.

आणि ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते म्हणजे मागची बाजू. प्रत्येक टाक्यामागे जुना रंग जळून नाण्याएवढा डाग पडतो. तिथूनच गंज सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमक्या वॉशरच्या ओळीत रंगाला ठिपके उमटतात. हात जात नसेल तर बारीक नळी लावून आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारावं. हे करणार नसाल तर मशीन घेऊ नका.

जुना रंग घासताना चांगला मास्क लावावा. त्या काळातल्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते. कोरडा घासण्यापेक्षा पेंट रिमूव्हरने उतरवलेला बरा, फक्त नंतर पत्रा नीट धुऊन लगेच वाळवावा.

पॅच आणि तडे

कापलेल्या जागी त्याच जाडीचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो मिळतो. खोल वळवायचा असेल तर डीडी (डीप ड्रॉइंग) ग्रेड मागावा, तो मऊ असतो. जस्त चढवलेला जीपी पत्रा नको. बोल्टच्या भोकापासून निघालेल्या तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून मगच सीओटू मारावं, नाहीतर तडा वेल्डिंगच्या पुढे पळतो. टाके ओळीने नाही, आलटून-पालटून दूरदूर.

मशीनचं आयुष्य आणि खरेदी

आतापर्यंत गनच्या तांब्याच्या टोकांचीच झीज झाली. ती कानसीने साफ ठेवली नाहीत तर ठिणग्या उडतात आणि टाका कच्चा राहतो. जोराच्या सेटिंगवर सलग वॉशर लावत गेलं की मशीन तापून स्वतःच बंद पडतं, मग पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची. पंखा आतली धूळ ओढतो; ग्राइंडरच्या शेजारी ठेवलं तर लोखंडाची भुकटी आत जाते, त्यामुळे ते उंचावर ठेवलंय. मशीनसोबत आलेल्या स्लाइड हॅमरचं वजन कारपुरतंच आहे, जाड पत्र्याला लेथवाल्याकडून दुप्पट वजनाचं करून घ्यावं लागलं.

महिन्याकाठी एखादंच बोनेट करणाऱ्याने मशीन घेण्याची गरज नाही. गॅस सेट, सीओटू आणि दोन चांगल्या डॉल्या पुरतात. कार आणि ट्रॅक्टर दोन्ही करणाऱ्या गॅरेजने जरूर घ्यावं. दुकानात जाताना स्वतःचा १.६ मिलिमीटर पत्र्याचा तुकडा आणि पक्कड घेऊन जावं. ते लोक डेमो ०.८ च्या पत्र्यावर देतात. आपल्या तुकड्यावर दहा वॉशर लावायला सांगावेत आणि सगळे पिळून काढावेत. आठांमागे तरी कण उरला नाही, तर ते मशीन तिथेच राहू द्यावं.