पायांच्या फुगलेल्या नसा: सोनोग्राफीखालचे इंजेक्शन घ्यावे की लेसर?

बेळगावच्या शहापूर-वडगावात यंत्रमागावर उभ्याने पाळी काढणारे विणकर, खानापूर भागात वाकून भातरोप लावणाऱ्या बायका आणि फळ्यासमोर नोकरी काढलेले शिक्षक यांच्या पोटऱ्यांवर निळ्या, वेड्यावाकड्या नसा दिसू लागल्या, की आपल्याकडे वयाच्या नावावर विषय मिटवला जातो. घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजू लागल्यावर मात्र इंजेक्शन बरे की लेसर, याची चौकशी सुरू होते. त्याआधी शिरेतली, रक्त उलटे येऊ न देणारी झडप कोठे निकामी झाली आहे, हे कळायला हवे.

एक मिलिमीटरहून बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या रेषा हा बहुतेकदा दिसण्यापुरता त्रास असतो. उभे राहिल्यावर तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद भरणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गाठाळ नसा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. त्यांच्यामागे बहुधा घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी मुख्य वरवरची शीर असते, जिच्या झडपा नीट मिटत नसल्याने रक्त खाली परतते. डॉक्टर रुग्णाला उभे करून डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करतात, पोटरी दाबून सोडतात आणि उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला, तर त्या शिरेची झडप निकामी मानतात. केवळ झोपवून उरकलेल्या तपासणीवर निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारीक जाळ्यांसाठी पॉलिडोकॅनॉलसारखे औषध द्रवरूपात, अतिशय बारीक सुईने, डोळ्यांना दिसते तेथेच देतात. त्यासाठी सहसा सोनोग्राफी लागत नाही आणि लेसरवर जादा पैसे घालण्याचे कारणही क्वचितच असते. आमच्या काकूंनी मात्र डॉप्लर न करताच एका दवाखान्यात अशी इंजेक्शने घेतली. खालची मोठी शीर गळत असल्याने वर्षभरात जाळी पुन्हा उमटली, आणि वर तपकिरी डाग राहिले ते वेगळेच.

मोठ्या शिरेसाठी तेच औषध फेसाच्या रूपात देतात. दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीने जोडून एक भाग औषध आणि साधारण चार भाग हवा वेगाने मागेपुढे ढकलली, की दाढीच्या साबणासारखा दाट, पांढरा फेस तयार होतो. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक शिरेत पाहून तो सोडतात, आणि काळी दिसणारी शीर क्षणात पांढरी चमकू लागते. फेस रक्ताला बाजूला सारून शिरेच्या आतल्या अस्तराला भिडतो, अस्तर खराब होऊन शीर आकसते आणि पुढच्या काही महिन्यांत तिची दोरी होते. भूल लागत नाही आणि रुग्ण लगेच चालू लागतो. मात्र एका बैठकीत द्यायच्या फेसाला मर्यादा असल्याने फेऱ्या वाढतात. डाग, नस कडक होऊन दुखणे आणि काही काळ डोळ्यांपुढे अंधुक दिसणे हे त्रास संभवतात. खोल शिरेत गुठळी होणे दुर्मीळ आहे, पण ते गंभीर असते. गरोदरपणात, पूर्वी अशी गुठळी झाली असल्यास किंवा हृदयाच्या पडद्यात छिद्र असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

लेसरमध्ये शिरेत बारीक तंतू सरकवून, भोवती बधिर करणारे पाणी भरून, आतून उष्णता देतात. सरळ आणि रुंद शिरेला हा उपाय अधिक टिकाऊ ठरतो. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले; त्यात लेसर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांचे पायाच्या त्रासाशी निगडित जीवनमान फेसाच्या गटापेक्षा सरस आढळले. तेथील २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही आधी उष्णतेचे उपचार, मग फेस आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम आहे. तेव्हा मुख्य शीर सरळ असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी लेसरकडे झुकेन. तंतू सरकणार नाही इतकी वाकडी शीर, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उगवलेल्या नसा, घोट्यावरील जखमेखालचे जाळे किंवा थकलेला वयोवृद्ध रुग्ण असेल, तर फेस अधिक सोयीचा. दोन्ही एकत्रही करतात: वरची शीर लेसरने, खालच्या फांद्या फेसाने.

खर्चाची तुलना एका बैठकीच्या दरावर करू नये. निपाणी किंवा खानापूरहून बेळगावला, कोल्हापूरला वा हुबळीला तीन-चार फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि उपचारानंतर घालायच्या घट्ट मोज्यांची किंमत धरली, की स्वस्त वाटणारा फेस कधी कधी लेसरच्या जवळ पोचतो. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचा असल्यास, कर्नाटकाच्या असो वा महाराष्ट्राच्या, त्याच रुग्णालयात त्याच उपचाराला मंजुरी आहे का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावे. परतीचा प्रवास लांबचा असेल, तर वाटेत उतरून पाच-दहा मिनिटे चालावे.

दोन्ही उपचारांनंतर घट्ट मोजे बहुधा घालावे लागतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ते कोणाला सोसत नाहीत. रोप लावणीच्या दिवसांत चिखलात उतरायचे असल्याने तेही जमत नाही. म्हणून घाई नसेल, तर सुगी आटोपल्यावर थंडीतल्या तारखा मागाव्यात. घोट्याला जखम झाली असेल किंवा नसेतून रक्त आले असेल, तर मात्र पावसाळाही पाहू नये.