एचआरचं पत्र घ्यावं की साहेबांचं? कॅनडाच्या अर्जासाठी अनुभवाचा पुरावा

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेतून (कुशल कामगारांना कायमच्या वास्तव्याची परवानगी देणारी योजना) अर्ज करणाऱ्यांचा सगळा जीव इंग्रजीच्या परीक्षेत आणि पदवीच्या मूल्यांकनात अडकलेला असतो. ही दोन्ही कामं पैसे भरून, तारीख घेऊन मार्गी लागतात. अनुभवाचं पत्र मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि तो दुसरा माणूस तुम्ही सोडलेल्या किंवा सोडणार असलेल्या कंपनीतला. एक्सप्रेस एंट्रीचं, म्हणजे या योजनेचे उमेदवार गुणांवर निवडणाऱ्या ऑनलाइन पद्धतीचं, अर्ज भरण्याचं आमंत्रण आलं की सगळे कागद चढवायला ६० दिवस मिळतात. मला तीन कंपन्यांची पत्रं जमवायला पाच महिने लागले. त्यामुळे कोणाकडून काय घ्यायचं, हे प्रोफाइल भरण्याच्या आधीच ठरवलेलं बरं.

आधी कॅनडा सरकारची मागणी काय आहे ते बघू. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल हवा. आत तुमचं नाव, सांभाळलेली सगळी पदं, प्रत्येकाच्या तारखा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते. खाली तुमच्या थेट वरिष्ठाची किंवा एचआर अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा. या यादीतला ‘किंवा’ पुष्कळ जण वाचतच नाहीत. एचआरनं नाही म्हटलं की सगळं संपलं असं धरून चालतात, आणि ज्यांची सही चालली असती ते साहेब शेजारच्या केबिनमध्ये बसलेले असतात.

एचआरचं पत्र

याची ताकद खरी आहे. लेटरहेडचा प्रश्न येत नाही, तारखा आणि पगार त्यांच्याच नोंदीतून येतात, आणि कॅनडाहून पडताळणीचा मेल आला तर उत्तर द्यायला कोणीतरी असतं. साहेब नोकरी बदलतात, एचआरचा ईमेल पत्ता तिथंच राहतो.

अडचण ठरलेल्या नमुन्याची. माझ्या पहिल्या कंपनीनं दिलेल्या पत्रात अडीच ओळी होत्या: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत, वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी काय काम केलं याचा पत्ता नाही. तास घाला म्हणून विनवलं, तेव्हा तिसऱ्या मेलनंतर ‘फुल टाइम’ एवढे दोनच शब्द वाढले. आकडा नाहीच. तिकडे मात्र हिशेब आकड्यावर चालतो: आठवड्याला ३० तास, वर्षाचे १,५६०. तुम्ही साठ तास राबला असलात तरी मोजणार ३०च, पण ते ३० कुठेतरी लिहिलेले हवेत.

आणखी एक गंमत. मी मेलमध्ये ‘एनओसीप्रमाणे कामाचं वर्णन हवं’ असं लिहिलं. मला म्हणायची होती कॅनडाची व्यवसायांची वर्गवारी, तिचंही संक्षिप्त नाव एनओसीच. उत्तर आलं, ‘सॉरी, परदेशी जाण्यासाठी आम्ही ना-हरकत दाखला देत नाही.’ त्यात दोन आठवडे गेले. एचआरला लिहिताना हा शब्द टाळाच.

साहेबांचं पत्र

कामाचं वर्णन हा सगळ्या प्रकरणाचा गाभा, आणि तिथं साहेबांच्या पत्राला तोड नाही. पदाच्या नावाला तिकडे फारशी किंमत नसते. तुम्ही काय करत होता, ते वर्गवारीतल्या वर्णनाशी आणि त्यातल्या मुख्य कामांशी जुळतं का, एवढंच बघतात.

‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ हे पद घ्या. ताळेबंद तयार करणं, लेखापरीक्षण, आर्थिक विश्लेषण अशी कामं असतील तर ते वर्गवारीतल्या १११०० या क्रमांकाच्या गटात जाईल. हिशेबाच्या वह्या पूर्णपणे सांभाळणं, ताळमेळ घालणं असेल तर १२२०० मध्ये. पण पत्रात नुसतं ‘बिलं नोंदवणं, व्हाउचर तपासणं, देणीघेणी बघणं’ आलं तर तो माणूस १४२०० मध्ये, म्हणजे लेखा-कारकुनात मोडेल. या पाच आकड्यांतला दुसरा आकडा श्रेणी सांगतो. १६ नोव्हेंबर २०२२ पासून एक्सप्रेस एंट्रीत ०, १, २ आणि ३ या श्रेणी चालतात, ४ नाही. म्हणजे वर्षानुवर्षं केलेलं जबाबदारीचं काम एका आळशी वाक्यामुळे शून्य ठरू शकतं. हा फरक एचआरमधल्या मुलीला कळत नाही, कळायचं कारणही नाही. रोज तुमचं काम तपासणाऱ्याला तो चटकन कळतो.

साहेबांच्या पत्राच्या अडचणी तीन. एक, लेटरहेड वापरायचा अधिकार त्यांना असेलच असं नाही. दोन, पगाराचा नेमका आकडा त्यांना ठाऊक नसतो, आणि अंदाजानं लिहिलेला आकडा स्लिपशी जुळला नाही तर नसत्या शंकेला जागा. तीन, तुम्ही निघायच्या तयारीत आहात हे त्यांना कळतं. सध्याच्या नोकरीत ही तिसरी अडचण पहिल्या दोन्हींपेक्षा जड.

मसुदा तुम्हीच लिहून द्याल, कारण साहेबांना वेळ नसतो. त्यात गैर काही नाही, त्यांनी वाचून, हवं ते खोडून सही केली म्हणजे झालं. पण सरकारी वर्णन जसंच्या तसं उतरवू नका. हुबेहूब नक्कल दिसली की अधिकारी त्या पत्राला फारसं वजन देत नाही, आणि ते बरोबरच आहे. ‘कार्यप्रणालीचे विश्लेषण व संरचना’ असं लिहिण्यापेक्षा कुठली प्रणाली, कोणासाठी, त्यात तुमचा हात कुठवर, हे सहा-सात ओळींत लिहा. न केलेलं काम घुसडू नका. खोटी माहिती सिद्ध झाली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद.

मग कोणाचं?

साहेब लेटरहेडवर सगळ्या तपशिलांसह पत्र द्यायला तयार असतील तर डोळे मिटून तेच घ्या. एचआरच्या मागे लागून ताकद घालवू नका. फक्त पगार आणि तारखा एचआरकडून तपासून घ्या.

बहुतेकांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. तिथं मी जोडपत्राचा रस्ता धरीन: एचआरचं अडीच ओळींचं पत्र सांगाड्यासारखं, आणि साहेबांचं साध्या कागदावरचं सविस्तर पत्र त्यावरच्या मांसासारखं. पहिलं नोकरी होती हे सिद्ध करतं, दुसरं काम काय होतं ते. साहेबांचं पत्र नोटरीसमोर प्रतिज्ञापत्राच्या रूपात झालं तर आणखी बरं. त्यात ते स्वतः कोणत्या पदावर होते आणि तुम्ही कधीपासून कधीपर्यंत त्यांच्या हाताखाली होता हे स्पष्ट यावं. फोन आणि ईमेल चालू असलेले. सोबत पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, आणि एक खुलासापत्र: पूर्ण पत्र मागितलं होतं, कंपनीनं नाकारलं, हा घ्या नकाराचा मेल. हा मेल जपून ठेवा. फोनवर मिळालेला नकार कागदावर दाखवता येत नाही, म्हणून विनंती नेहमी लेखी करा, उत्तर कितीही तुटक आलं तरी.

जोडपत्र म्हणजे हमी नव्हे. अधिकाऱ्याला पटलं तर पटलं. माझ्या दुसऱ्या नोकरीचा पुरावा असाच जोडून गेला आणि चालला, पण त्यात एचआरच्या आणि साहेबांच्या पत्रातल्या तारखा दिवसासकट जुळत होत्या. पहिल्या मसुद्यात साहेबांनी रुजू होण्याचा महिनाच चुकीचा लिहिला होता. आठवणीवर विसंबून लिहिलं की असं होतं.

नुसत्या सहकाऱ्याचं पत्र मी शेवटच्या रांगेत ठेवीन. तो वरिष्ठही नाही आणि एचआरही नाही, त्यामुळे मागणीच्या चौकटीत बसत नाही. साहेबांचा ठावठिकाणाच नसेल तर पूरक म्हणून जोडा, त्यावर अर्ज उभा करू नका. आणि फक्त स्लिपा व करविवरणपत्रं लावायची म्हटली तर पैसे मिळाले हे कळतं, काम काय केलं ते नाही.

कंपनीच बंद पडली असेल तर गणित सोपं होतं, कारण एचआरचा पर्यायच उरत नाही. जुन्या साहेबांचं प्रतिज्ञापत्र, कंपनी बंद झाल्याची एखादी सरकारी नोंद, आणि खुलासा. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे: व्यवसायाच्या मालकीचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, आणि काय सेवा दिली व किती पैसे मिळाले हे सांगणारे ग्राहकांचे कागद. स्वतःच स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून दिलं तर ते चालत नाही.

तो अनुभव सोडूनच दिला तर?

हा पर्याय फार कमी लोक मनावर घेतात, आणि कित्येकदा तोच सगळ्यात शहाणपणाचा असतो. सीआरएस गुणांमध्ये, म्हणजे ज्यांवरून आमंत्रणासाठी क्रम लागतो त्या गुणांमध्ये, कॅनडाबाहेरच्या अनुभवाची गणती तीन वर्षांवर थांबते. इंग्रजीच्या चारही भागांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ९ किंवा वर असेल तर एक-दोन वर्षांच्या अनुभवाला २५ गुण, तीन किंवा जास्तला ५०. तीनाची सात वर्षं झाली तरी ५०च. मग दोन कंपन्यांकडून साडेतीन वर्षांची भक्कम पत्रं हातात असताना, भांडून सोडलेल्या जुन्या कंपनीच्या दारात जायचं कशाला?

फरक पडतो तो पात्रतेच्या ६७ गुणांत, म्हणजे योजनेत बसण्यासाठी वेगळ्या मोजणीत लागणाऱ्या किमान गुणांत. तिथं अनुभवाला एका वर्षाचे ९, दोन-तीनचे ११, चार-पाचचे १३, सहा आणि पुढे १५. साडेतीन वर्षांवर थांबलात तर सहाच्या तुलनेत चार गुण गमावता. ६७ च्या वर ऐसपैस असाल तर हे चार गुण विसरा. काठावर असाल तर मात्र पत्र मिळवावंच लागेल. मुख्य व्यवसायातलं एक वर्ष सलग आणि गेल्या दहा वर्षांतलं असणं बंधनकारक, त्याची पत्रं कुठल्याही परिस्थितीत सोडता येणार नाहीत.

सोडून द्यायचा म्हणजे लपवायचा नाही, हे लक्षात ठेवा. गुणांसाठी दावा करू नका, पण वैयक्तिक इतिहासात ती नोकरी तारखांसह लिहा. दहा वर्षांत कुठेही भोक दिसता कामा नये.

प्रोफाइलमध्ये दावा करून बसलात, आमंत्रण आलं, आणि पत्र मिळत नाही, अशी पाळी आली तर त्या अनुभवाशिवाय गुण किती होतात ते आधी मोजा. ज्या फेरीत आमंत्रण आलं तिच्या किमान गुणांखाली जात असाल तर अर्ज न भरता आमंत्रण नाकारणं बरं, कारण नाकारल्यावर पात्र असाल तर पुन्हा पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, जाता येतं. मुदत नुसती उलटू दिली तर प्रोफाइल नव्यानं करावी लागते.

मागण्याचा क्रम म्हणाल तर जुन्या कंपन्या आधी, सध्याची शेवटी. सध्याच्या ठिकाणी एचआरला निमित्त न सांगता ‘पदं, तास आणि पगारासह सेवेचं पत्र हवं’ एवढंच लिहून बघा. बँका आणि घरमालकही अशी पत्रं मागतात, कोणी फारशी चौकशी करत नाही. कामाच्या वर्णनासाठी साहेबांकडे आमंत्रण आल्यावर जा, पण मसुदा तयार ठेवून. सध्याच्या नोकरीच्या पत्राची तारीखही बघा, कारण त्या तारखेपर्यंतचीच नोकरी ते पत्र सिद्ध करतं. मी घाई करून चार महिने आधी घेतलं, मधल्या काळात बढती झाली, आणि त्याच माणसाकडे त्याच पत्रासाठी मला दुसऱ्यांदा जावं लागलं.